रिपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा? लॅबच्या काउंटरवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

लॅबच्या काउंटरवर पहिल्या दिवशी तुम्हाला बिल कसं काढायचं ते शिकवतील. जांभळ्या टोपणाची ट्यूब सीबीसीला, करड्या टोपणाची शुगरला, हे पाठ करून घेतील. उपाशीपोटीचं रक्त दिल्यावर पेशंट नाश्त्याला गेला की दोन तास कुठून मोजायचे, तेही सांगतील. रिपोर्ट कुणाला द्यायचा नाही, हे मात्र कुणी समोर बसवून शिकवत नाही.

मी तालुक्याच्या गावात एकोणीस वर्षं हे काम करते आहे. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवायला आमच्याकडे नुकतीच सुरुवात झाली होती, तेव्हाची गोष्ट आधी सांगते. एक मुलगी आली, बावीस-तेवीस वर्षांची. बीटा एचसीजी करायची होती, म्हणजे रक्तातून गरोदरपण कळतं ती तपासणी. नाव टाकलं तर तिची जुनी नोंद निघाली, दोन वर्षांपूर्वी डेंग्यूच्या वेळची. पत्ता, नंबर परत टाइप करायचं वाचलं म्हणून मी खूश. तो नंबर तिच्या वडिलांचा होता. संध्याकाळी सहाला रिपोर्ट आपोआप त्यांच्या फोनवर गेला. निगेटिव्ह होता, पण त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तपासणी केली हीच त्या घरात बातमी होती. मुलगी पुन्हा आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची मैत्रीण आली, पावती काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "ताई, नंबर कुणाचा, एवढं तरी विचारायचं होतं."

म्हणून निकाल तेवढा गुप्त, असं समजू नका. कोण आलं होतं, कुठली तपासणी केली, कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिली, हेही त्यातच येतं. आणि एवढ्या वर्षांत मी जे रिपोर्ट फुटताना पाहिले, ते कुणी वैर म्हणून फोडलेले नव्हते. ओळखीने फुटले. "अगं, माझी मावसबहीणच आहे ती", "आमच्या गल्लीतलेच ना ते काका", असं म्हणत म्हणत फुटले. लहान गावात तर काउंटरच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळेच एकमेकांचे कुणीतरी असतात.

कायदा कुठे आहे?

नवीन मुलं विचारतात, "ताई, हा कायदा कुठल्या पुस्तकात आहे?" एका पुस्तकात नाही, हीच अडचण आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. पण ते झालं वरचं छप्पर. रोजच्या कामाला लागतात त्या खालच्या भिंती.

डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत. पेशंटचं गुपित डॉक्टरने उघड करायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अपवाद तीन: न्यायालयाचा आदेश, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवायचे आजार. २०२३ साली नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे आजही २००२ चेच चालतात. "पण आपण कुठे डॉक्टर आहोत?" हा पुढचा प्रश्न असतो. नाही, पण आपण डॉक्टरांच्या सहीखाली काम करतो. लॅबच्या रिपोर्टवर नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टची सही हवीच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवून दिलं. तुमच्या तोंडून रिपोर्ट फुटला तर वैद्यक परिषदेची नोटीस त्या सहीच्या मालकाला जाते, आणि मग तुमची नोकरी कुठे जाते ते सांगायला नको.

लॅबला थेट लागू होतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं ही त्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' धरली आहे. त्यासाठी पेशंट जिल्हा आयोगात जाऊ शकतो, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आलाय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती नीट न सांभाळल्याचा दंड त्यात २५० कोटींपर्यंत आहे. तो आकडा मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय हे उघड आहे, पण आपल्या व्हॉट्सॲपवरून जाणारी पीडीएफसुद्धा त्याच कायद्याच्या कक्षेत येते.

एचआयव्ही, मानसिक आजार आणि गर्भपात यांना स्वतंत्र कायदे आहेत, ते त्या त्या ठिकाणी सांगते.

पायरी १: नोंदणी

नाव, वय, नंबर. नंबर घेतल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: "हा फोन कुणाकडे असतो?" खेडेगावात एका घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात असतो. बाई स्वतःचा म्हणून जो नंबर सांगते, तो दिराचा असू शकतो. तिसरा प्रश्न: "रिपोर्ट कागदावर हवा की फोनवर?" या दोन प्रश्नांना दहा सेकंद लागतात.

जुनी नोंद निघाली तरी नंबर पुन्हा विचारा. का, ते वर सांगितलंच.

तपासणीचं नाव मोठ्याने उच्चारू नका. मागच्या बाकावर बारा माणसं बसलेली असतात, बोलायला विषय नसतो आणि कान रिकामे असतात. मी डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर आडवी ठेवते, पेनाचं टोक त्या ओळीवर टेकवते आणि विचारते, "ही ना?" पेशंट मान हलवतो. एवढ्यात काम होतं. आत बोलावताना टोकन नंबर पुकारा. कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे वळवून ठेवा, आणि आधीच्या पेशंटची पानं दिसतील असं रजिस्टर काउंटरवर उघडं टाकू नका. "कशासाठी करताय?" हा प्रश्न आपला नाहीच. तब्येतीची जी माहिती तपासणीसाठी खरोखर लागते, जसं पाळीची तारीख किंवा चालू असलेली गोळी, ती सॅम्पल घेताना आत विचारली जाते.

पायरी २: एचआयव्हीची तपासणी

इथे जरा थांबून वाचा.

गोव्यात १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी घरून नेलं. त्याने काय केलं होतं? रक्तदान. त्या रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली, ती यंत्रणेला कळली आणि जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये त्याला ६४ दिवस एकटं ठेवलं गेलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा तशी तरतूदच होती. त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण न्यायालयाने तरतूद उचलून धरली. पुढे डॉमिनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये तो गेला. एक रिपोर्ट चुकीच्या हातात पडला की माणसाचं काय होतं, हे नव्या मुलांना सांगायचं असलं की मी हीच हकिकत सांगते.

आठ वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच उच्च न्यायालयाने वेगळा सूर लावला. एका सार्वजनिक महामंडळात रोजंदारीवर असलेल्या कामगाराला एचआयव्हीमुळे काम नाकारलं होतं. काम करायला तो धडधाकट असेल तर निव्वळ त्या कारणावरून नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या खटल्यात त्याचं नाव आजही 'एमएक्स' एवढंच आहे. नाव झाकून न्याय मागता येतो, हा पायंडा त्यातून पडला.

पण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण गेलं. एका माणसाचा रिपोर्ट हॉस्पिटलकडून बाहेर गेला, ठरलेलं लग्न मोडलं, गावात राहणं मुश्कील झालं. न्यायालयाने हॉस्पिटलला दोष दिला नाही, कारण होणाऱ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न होता. हा निकाल अर्धवट ऐकलेले लोक काउंटरवर येऊन सांगतात, "बायकोला कळवायलाच पाहिजे, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय." त्यांच्याशी वाद घालू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, या गोष्टीची शिस्त घालून दिली आहे. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टर आणि समुपदेशक यांना आहे, तोही संसर्गाचा खरा धोका दिसत असेल, पेशंटला समजावूनही तो स्वतः सांगत नसेल आणि 'मी आता सांगणार आहे' असं पेशंटला आधी कळवलं असेल तर. सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल अशी भीती असेल तर तोही विचार कायद्याने करायला लावलाय. काउंटरवरच्या माणसाचं नाव या यादीत कुठेही नाही.

आता काम कसं करायचं ते. तपासणीआधी पेशंटची समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि आधी व नंतर समुपदेशन हवं. ऑपरेशनच्या आधी 'व्हायरल मार्कर' अशी एकच ओळ लिहून येते आणि पेशंटला त्यात एचआयव्ही आहे हे माहीतच नसतं. हे फार होतं. सही घेण्याआधी हळू आवाजात सांगा की यात एचआयव्ही, बी आणि सी कावीळ या तिन्ही तपासण्या आहेत. नोकरी लागण्यासाठी किंवा उपचार मिळण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणं हा त्याच कायद्याने भेदभाव ठरवला आहे. एखादी कंपनी यादीत ती घालून पाठवत असेल तर आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

रिपोर्ट 'रिॲक्टिव्ह', म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारा, आला तर? तो शब्द फोनवर उच्चारायचा नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. "डॉक्टर भेटायला बोलावताहेत" एवढंच, आणि तेही फक्त पेशंटला. एका तपासणीवरून निदान पक्कं होत नसतं. वेगवेगळ्या किटवर तीन तपासण्या कराव्या लागतात. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात त्या फुकट होतात आणि तिथे समुपदेशक असतो. १०९७ हा हेल्पलाइन नंबर एका चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात टाका. ज्या हॉस्पिटलात उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांना उपचारापुरतं कळवता येतं. इतर कुणालाही, लेखी संमतीशिवाय, नाही.

पायरी ३: आतल्या खोलीत

ट्यूबवर लाल पेनाने खूण करणं, फ्रीजच्या दारावर नावं चिकटवणं, हे जुन्या लॅबमध्ये अजून चालतं. कारण विचारलं तर "सांभाळून हाताळायला" असं सांगतात. पण हातमोजे प्रत्येक ट्यूबला घालायचे असतात. ज्याचा रिपोर्ट अजून यायचाय तोच जास्त धोक्याचा असू शकतो. मग खुणेचा उपयोग फक्त कुजबुजीला होतो.

"बघ बघ, कुणाचा आलाय!" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. गावातला पुढारी असेल, शाळेतल्या बाई असतील, कुणाची होणारी सून असेल. मशीनच्या पडद्याचा फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकणं हा आजकालचा नवा रोग आहे. 'विचारायला' म्हणून टाकला तरी त्यात नाव दिसतंच. शंका विचारायची असेल तर नाव झाका, निव्वळ आकडे पाठवा. आणि सॅम्पल आणणाऱ्या मुलाच्या खासगी फोनवरून रिपोर्ट पाठवायचे नाहीत. तो नोकरी सोडून शेजारच्या लॅबमध्ये गेला की दोन वर्षांचे रिपोर्ट त्याच्याबरोबर जातात.

पायरी ४: रिपोर्ट देताना

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या आपुलकीपोटी होतात.

नियम साधा आहे: ट्यूबवर ज्याचं नाव, रिपोर्ट त्याचा. पैसे कुणी भरले, गाडीवर बसवून कुणी आणलं, कुणाच्या ओळखीने सवलत मिळाली, याने मालकी बदलत नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलगी असेल तर तिचा रिपोर्ट वडिलांनाही तिच्या परवानगीनेच मिळतो. बायकोचा नवऱ्याला, नवऱ्याचा बायकोला, तसाच. लहान मुलाचा अर्थातच आईवडिलांना.

प्रत्यक्षात माणूस पावती घेऊन येतो आणि म्हणतो, "वहिनींचा रिपोर्ट द्या." प्रत्येकाला परत पाठवत बसलात तर संध्याकाळपर्यंत काउंटरवर भांडणं होतील. म्हणून आम्ही नोंदणीच्या वेळीच एक ओळ भरून घेतो: 'रिपोर्ट माझ्याव्यतिरिक्त ... यांना द्यावा.' पेशंट नाव लिहितो किंवा रेघ मारतो, खाली सही किंवा अंगठा. पावती आणि ते नाव जुळलं तर बंद लिफाफा द्यायचा. लिफाफ्यावर नाव आणि नंबर एवढंच, तपासणीचं नाव नाही. नाव जुळत नसेल तर पेशंटला फोन लावायचा, समोरच्यासमोर: "तुमचे दीर आलेत, देऊ का?" दहापैकी नऊ वेळा उत्तर येतं, "हो द्या की, विचारताय काय!" दहाव्या वेळी पलीकडे नुसती शांतता असते. ती शांतता ऐकू आली की समोरच्याला सांगायचं, "अजून डॉक्टरांची सही व्हायची आहे, पेशंटनाच यायला सांगितलंय." कुणाच्या अंगावर न ढकलता वेळ मारून न्यायची. ही थाप मी कितीदा मारली असेन त्याची गणती नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सासूबाई हा वेगळा धडा आहे. त्या रिपोर्ट मागत नाहीत. त्या विचारतात, "नॉर्मल आलंय ना गं?" तुम्ही "हो" म्हणालात तरी तुम्ही रिपोर्ट दिलात. आणि काल शेजारणीला "हो" म्हणून आज यांना "डॉक्टरांना विचारा" म्हणालात, तर त्याचा अर्थ त्या बरोबर लावतात. म्हणून सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, चांगल्या रिपोर्टलाही, एकच उत्तर: "डॉक्टर सांगतील."

फोनवरही तेच. "लॅबमधून बोलताय ना, सीबीसीचा आकडा सांगा फक्त," असा फोन येतो. आवाजावरून माणूस ओळखता येत नाही. पावती क्रमांक आणि जन्मतारीख विचारा, नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन करा. पोटॅशियम भलतंच वाढलंय, हिमोग्लोबिन चारवर आलंय, असं काही असेल तर ते आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं, त्याला उशीर नको. डॉक्टरांच्या ऐवजी कंपाउंडरने फोन उचलला तर आकडा त्याला सांगू नका, "डॉक्टरांना द्या" म्हणा. पेशंटच्या घरी दुसऱ्या कुणी उचलला तर निरोप तेवढा ठेवा.

आता उलट बाजू. गाठीचा रिपोर्ट येतो, कॅन्सर निघतो, आणि पेशंटच्या आधी मुलगा धावत येतो. "ताई, आईला दाखवू नका. तिला गाठ साधी आहे असंच सांगितलंय." डोळे सुजलेले असतात त्याचे. त्याच्यावर कायद्याचं कलम फेकायला जीभ वळत नाही. पण रिपोर्ट आईचा आहे. खोटा दुसरा रिपोर्ट छापून द्या अशीही मागणी मी ऐकली आहे. तसं कधी, कुणासाठीही करायचं नाही. मी त्याला पाणी देते, बसवते आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवते, रिपोर्टसकट नव्हे. आईने त्या ओळीवर मुलाचं नाव लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर आईला कसं आणि कधी सांगायचं, हे डॉक्टर आणि ते घर ठरवतील. आई स्वतः काउंटरवर आली आणि लिफाफा मागितला, तर तो तिला द्यायचाच. पेशंटला त्याचीच कागदपत्रं नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात सांगितलेलं आहे, आणि २००२ च्या नियमांनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात.

पेशंटलाही न सांगायची एकच गोष्ट आहे: गर्भाचं लिंग. १९९४ च्या कायद्याने ते शब्दाने, खुणेने, कशानेही सांगायला बंदी आहे. पेढा की बर्फी, असं हसत विचारतात. हसूनही उत्तर द्यायचं नाही.

पायरी ५: बाहेरून मागणारे

कंपनीच्या वार्षिक तपासणीत पैसे कंपनी भरते आणि एचआरचा मेल येतो, 'सर्व कर्मचाऱ्यांचे रिपोर्ट एका फाइलमध्ये पाठवा.' पाठवू नका. कर्मचाऱ्याची लेखी संमती कशाला होती ते बघा. आमच्याकडे कंपनीला 'कामासाठी योग्य' किंवा 'अयोग्य' एवढा दाखला जातो, तपशील बंद लिफाफ्यात ज्याचा त्याला. करार करतानाच हे लिहून घेतलं की नंतर वाकडेपणा येत नाही.

विम्याच्या तपासणीत प्रस्तावाच्या फॉर्मवर ग्राहकाने संमती दिलेली असते, तिथे रिपोर्ट कंपनीला जातो. एजंटला जात नाही. एजंट फार गोड बोलतात. आणि पेशंटने विचारलंच, तर गुप्ततेचा अर्थ विमा कंपनीपासून आजार लपवणं असा होत नाही, हे सांगायला हरकत नाही. दावा अडकतो तो तिथेच.

पोलीस आले तर घाबरून प्रिंट काढून देऊ नका. त्यांना खुर्ची द्या, चहा सांगा, लेखी मागणी मागा. कागदपत्रं मागवण्याची लेखी नोटीस देण्याचा अधिकार पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली आहे. ती नोटीस आवक शिक्का मारून घ्यायची आणि डॉक्टरांकडे द्यायची. पुढचं ते ठरवतील. एचआयव्हीची माहिती मात्र न्यायालयाच्या आदेशाशिवाय नाही. वकील नोटीस घेऊन आला, घटस्फोटाच्या केसमध्ये बायकोचे रिपोर्ट हवेत म्हणाला, तर त्यालाही न्यायालयाचा रस्ता दाखवा.

गर्भपाताच्या बाबतीत २०२१ ची दुरुस्ती फार कडक आहे. बाईचं नाव आणि तपशील कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला उघड केले तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अठराच्या आतली आणि गरोदर असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पण ते आपण काउंटरवरून करायचं नाही, डॉक्टर करतात. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर त्या माहितीत तिचं नाव उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये डॉक्टरांना दिली आहे. मनोविकाराच्या औषधांच्या पातळ्या तपासायला येणारे, लिथियम वगैरे, यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. लिथियमची तपासणी लिहिलेली दिसली की जाणकाराला आजार कळतो, म्हणून पावतीही घडी घालून द्या.

पायरी ६: सरकारला कळवायचं ते

टीबी २०१२ पासून कळवायचा आजार आहे. खासगी लॅबनेही टीबीच्या नोंदीसाठी असलेल्या सरकारी निक्षय पोर्टलवर पेशंटची नोंद करायची असते. पेशंट विचारतो, "म्हणजे गावभर होणार?" त्याला समजावा: नोंद जिल्ह्याच्या क्षयरोग कार्यालयात जाते, औषध आणि पोषणाचे पैसे त्यावरच मिळतात. नोंद केली म्हणून सरपंचाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा शाळेला सांगायची मोकळीक मिळत नाही.

पायरी ७: चुकीच्या नंबरवर गेलाच तर

होतं. एका आकड्याची चूक पुरते.

पहिल्या पाच मिनिटांत 'सर्वांसाठी डिलीट' करा. मग ज्याला गेला त्याला फोन करून पुसायची विनंती करा, आणि पेशंटचं नाव फोनवर पुन्हा उच्चारू नका. मग डॉक्टरांना सांगा. मग पेशंटला सांगा. ही चौथी गोष्ट टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो. "त्याला कळणारही नाही," असं कुणीतरी म्हणतंच. नव्या डेटा कायद्यात तर ज्याची माहिती फुटली त्याला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवणं हे कर्तव्यच आहे. एका वहीत तारीख, वेळ, काय गेलं, कुणाला गेलं, पुढे काय केलं, हे लिहून ठेवा.

पेशंट चिडून तक्रार करायची म्हणाला तर अडवू नका. लॅबविरुद्ध ग्राहक आयोग आहे, १९१५ वर मार्गदर्शन मिळतं. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. एचआयव्हीच्या बाबतीत वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असतो, आणि त्याच्यावर राज्याने नेमलेला लोकपाल, ज्याने तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो.

पायरी ८: रद्दी

काही वर्षांपूर्वी बसस्टँडवर शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर आत कुणाचा तरी थायरॉईडचा रिपोर्ट, पुरता नाव-वयासकट, आणि कोपऱ्यात एका लॅबचा शिक्का. आमची नव्हती, पण दुसऱ्या दिवशी मी आमचं माळ्यावरचं पोतं उतरवलं. चुकीचे छापलेले, न नेलेले, दोनदा प्रिंट निघालेले असे सातशे-आठशे कागद त्यात होते आणि रद्दीवाला शनिवारी यायचा होता. आता काउंटरखाली साडेतीन हजारांचं कागद फाडायचं मशीन आहे. न नेलेले रिपोर्ट वेगळ्या कुलूपबंद खणात राहतात, ठरलेली मुदत संपली की मशीनमध्ये जातात. दिवसाअखेर ते रिकामं करणं हे सर्वांत नव्या माणसाचं काम असतं. म्हणजे उद्यापासून तुमचं.